तीस निरोगी खांदे

माझी पुतणी गुरुवारी दुपारच्या एसटीनं भूमला उतरली तेव्हा तिच्याजवळ दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे. दुसरीत घडीचं स्टूल, डोळ्यांवर बांधायच्या काळ्या पट्ट्या आणि काडीपेटीएवढं एक यंत्र. फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं तिचं शेवटचं वर्ष होतं. चहाचा कप खाली ठेवायच्या आत ती म्हणाली, "काकू, मला तीस माणसं पाहिजेत. मंगळवारी सकाळपर्यंत."

मी वही घेतली. मी शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. कुणी आकडा आणि तारीख सांगितली की माझा हात आपोआप वहीकडे जातो.

"कसली माणसं?"

"धडधाकट. पंचवीस ते पंचावन्न वयाची, अंगमेहनतीचं काम करणारी. खांदा कधी मोडलेला नाही, निखळलेला नाही, आत्ता दुखत नाही, अशी."

"आणि त्यांनी करायचं काय?"

"डोळे मिटून हात वर करायचा. बस."

मग तिनं मला नीट समजावलं. आपण पाठीमागं हात नेऊन ब्लाउजचं हुक लावतो, न बघता पदर खांद्यावर टाकतो, अंधारात दिव्याचं बटण दाबतो. डोळ्यांना काहीच दिसत नसतं, तरी हात कुठं आहे ते आपल्याला ठाऊक असतं. ही खबर सांध्यातून, स्नायूंतून मेंदूला जात असते. आजारी खांद्यात ही जाणीव बिघडते. पण किती बिघडली ते सांगायचं तर आधी निरोगी माणसाची किती पक्की असते ते माहीत पाहिजे. तिनं शहरातल्या विद्यार्थ्यांची मापं आधीच घेतली होती. कष्टकरी माणसांची ज्या ठिकाणी घ्यायची ठरली होती तिथली परवानगी ऐनवेळी नाकारली गेली. मंगळवारी तीस मापं तिच्या सरांच्या हाती पडली नाहीत तर प्रबंधावर सही नाही, सही नाही तर या वेळची परीक्षा नाही, म्हणजे सहा महिने गेले. उमरग्याच्या एका दवाखान्यानं तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, ती काही सहा महिने रिकामी राहणार नव्हती.

हे तिनं मला सांगितलं, तिच्या आईला नाही. तिची आई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना अक्का म्हणते. आमच्या घरामागं खव्याची भट्टी आहे आणि ती अक्काच चालवतात. सकाळ-संध्याकाळ आसपासच्या वस्त्यांवरून दूध येतं, ते मोठ्या लोखंडी कढईत आटवायचं आणि लांब दांड्याच्या उलथन्यानं सतत हलवत राहायचं. हात थांबला की दूध बुडाला लागतं आणि सगळा घाणा वाया जातो. त्यामुळे अक्कांना काही सांगायचं तर कढईजवळ उभं राहून, धुरात डोळे चोळत सांगावं लागतं. मोठी गोष्ट तिथं सांगवत नाही.

यंत्र नीट चालतंय का ते बघायला पुतणीनं आधी मलाच स्टुलावर बसवलं. डोळ्यांवर पट्टी, कोपराच्या वर दंडाला यंत्र. तिनं माझा हात धरून वर नेला, थोडा वेळ तिथं ठेवला, खाली आणला. "आता तुम्ही तेवढाच वर करा आणि 'झालं' म्हणा." तीनदा केलं. तिन्ही वेळा माझा हात थोडा खालीच थांबला. भट्टीकडून येणाऱ्या अक्कांनी ते ऐकलं.

"तिचा हात आखडताच हाय," त्या जाता जाता म्हणाल्या. "चहात साखर घालताना बघ."

मी बैठं काम करणारी, मोजणीत माझा उपयोग नव्हताच. तेव्हा मी लगेच मोबाइल उचलला आणि दूध घालणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं: 'उद्या सकाळी आठ ते अकरा आमच्या घरी खांद्याची तपासणी. मोफत. शहरातून डॉक्टर येत आहेत.' माझ्या हातून इतकी स्पष्ट सूचना आजवर गेली नसेल, आणि इतकी चुकीचीही.

शुक्रवारी सकाळी अंगणात चाळीसेक माणसं. एकाचा हात गळ्यात बांधलेला. एका आजींचा खांदा वर्षभर हलत नव्हता. एक बाई म्हणाली, "माझा खांदा बेस हाय, गुडघा दुखतो. पर आलेच हाय तर बघ की, माय." पुतणीला कुणाला नाही म्हणता येईना. ती प्रत्येकाला व्यायाम दाखवत बसली, भिंतीवर बोटं चढवायची, टॉवेल पाठीमागून ओढायचा. अकरा वाजता अंगण रिकामं झालं तेव्हा तिच्याकडे निरोगी खांदे तीन.

मी चूक सुधारली. दुपारी नवा निरोप टाकला: 'ज्यांना काहीही दुखत नाही अशांनीच यावं.'

संध्याकाळपर्यंत एकही माणूस फिरकला नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आपल्याकडं कुणाला विचारा, काय म्हणती तब्येत. 'चाललंय' म्हणतील, 'रेटायचं' म्हणतील. मला काही म्हणजे काहीच होत नाही असं तोंडानं कबूल करून, तेही सगळ्या गावादेखत, कोण यंत्रासमोर येऊन बसणार? दृष्ट लागायला दुसरं काय लागतं. निरोगी माणूस आपण निरोगी आहोत हे सांगायला येत नाही, त्याला धरून आणावं लागतं.

म्हणून शनिवारपासून मंगळवारपर्यंत मी रजा टाकली आणि यादी स्वतः केली. विचारायचं नाही, नुसतं बघायचं. दुधाचा भरलेला कॅन कोण एका दमात मोटारसायकलवर चढवतं. बाजारात ज्वारीची गोणी कोण पाठीवर घेतं आणि तोंड वाकडं करत नाही. विहिरीवरची मोटर कोण एकटा उचलतो. नाव लिहायचं, घरी जायचं आणि म्हणायचं, "माझ्या पुतणीला अभ्यासाला मदत पाहिजे. दहा मिनिटं." तब्येतीचा शब्द काढायचा नाही. तिचे प्रश्न ती नंतर एकेकाला बाजूला घेऊन विचारायची, आणि तिथं मात्र माणसं हळूच सांगायची की, न्हाय बाई, काई दुखत न्हाय. अभ्यासाला म्हटल्यावर कुणी नाही म्हणालं नाही. कोपऱ्यावरचा शिंपी तर दुकानाला कडी लावून आला. त्याला संमतीपत्रावर सही करायला सांगितली तेव्हा त्यानं विचारलं, "हात काढून घेणार न्हाईत ना?" आणि उत्तराची वाट न बघता सही केली.

शनिवारी चौदा झाली, रविवारी दुपारपर्यंत बारा. शुक्रवारचे तीन धरून एकोणतीस. तिसावी जागा मी अक्कांसाठी ठेवली होती. बावन्न वय, अंगमेहनत रोजची, खांदा दुखल्याचं एवढ्या वर्षांत कुणी ऐकलं नाही. पण त्यांनी दोनदा टाळलं.

"भट्टी कोण बघंल? अन् तुझ्या त्या डबीत काई निघालं तर तू मला उद्यापासून बसवून ठिवशील."

"आई, काही निघत नाही त्यात. नुसता कोन कळतो."

"कळू दे की मग दुसऱ्याचा."

रविवारी चारच्या सुमारास पुतणी ओसरीवर लॅपटॉप घेऊन आकडे भरत होती. मी बाजूला मेथी निवडत होते. मग ती उठली, यंत्र दाराच्या चौकटीला लावून पाहिलं, भिंतीला लावून पाहिलं, परत येऊन बसली.

"काय झालं?"

"काकू, सगळ्यांची चूक एकाच बाजूला आहे. सगळ्यांनी हात वर नेलाय. कुणी तीन अंश, कुणी पाच. खाली एकही नाही. माणसं चुकतात तेव्हा इकडं तिकडं चुकतात. विद्यार्थ्यांचं तसंच होतं. इथं एकोणतीसच्या एकोणतीस वरच."

यंत्र बरोबर होतं. तिनं सरांना फोन लावला. मला फक्त तिच्या बाजूचं ऐकू येत होतं: "हो सर. तपासलं सर. सूचना तीच दिली सर." फोन ठेवून ती म्हणाली, "कारण सापडलं नाही तर ही मापं धरता येणार नाहीत म्हणाले. कारण सापडलं तर, जुना कोन हाताच्या लक्षात असेल म्हणून, कोन बदलून सगळी पुन्हा घ्यायची. मंगळवार तोच."

मी व्यवहारी बाई आहे. मी म्हटलं, "सगळेच चार वर आहेत ना, मग सगळ्यांतून चार वजा कर."

"काकू, शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख तुम्ही कुणाला बदलून द्याल का?"

"नाही."

"मग."

मी पुन्हा मेथी निवडायला घेतली. तिचे डोळे भरले होते, पण रडायला वेळ नव्हता हे तिलाही कळत होतं. अखेर ती उठून भट्टीकडं गेली आणि मीही मागोमाग गेले. संध्याकाळचं दूध यायला लागलं होतं. अक्का कढईवर होत्या.

"तोंड का उतरलंय?" त्यांनी विचारलं.

तिथं धुरात उभं राहून तिनं सगळं सांगितलं. मंगळवार, सही, उमरगा, सहा महिने, आणि वर गेलेले हात. अक्कांनी उलथनं हलवत ऐकून घेतलं. त्यांनी तिला, मला का सांगितलं नाहीस, असंही विचारलं नाही.

"तू त्यांना काय म्हणतीस? पुन्यांदा सांग."

"मी म्हणते, मी जेवढा वर नेला तेवढाच वर न्या."

"अन् ते जरा जास्त नेतात."

"हो."

"मंग बरोबर हाय की."

त्याच वेळी मळ्यातली एक दूधवाली कॅन घेऊन आली. शनिवारच्या चौदांत तीही होती. अक्कांनी उलथनं माझ्या हातात दिलं आणि लिटरचं माप पुढं केलं. दूधवालीनं माप काठोकाठ भरून ओतलं. एक, दोन, असं करत सहा. सहावं ओतून झाल्यावर तिनं कॅन कलता करून आणखी एक धार सोडली, मापाशिवाय, सरळ पातेल्यात. रोजच सोडते. आमच्याकडं दूध घालणारा प्रत्येक जण सोडतो. तिला आम्ही वरची धार म्हणतो. अक्कासुद्धा खवा तोलताना काटा बरोबर झाल्यावर वर एक चिमूट ठेवतात. काट्यावर नेमकं थांबलं तर गिऱ्हाईक काही म्हणत नाही, पण आपल्यालाच कसंतरी होतं.

"हिला विचार," अक्का लेकीला म्हणाल्या.

पुतणीनं विचारलं, "मावशी, शनिवारी तुम्ही डोळ्याला पट्टी बांधून हात वर केला होता. मी जिथं ठेवला होता ती जागा तुम्हाला कळली होती का?"

"न कळायला काय झालं? माझाच हात की."

"मग हात तिथंच थांबवला?"

"व्हय. म्हंजी त्याच्या जरा वर न्हेला." तिनं कॅनचं झाकण लावलं. "एवढ्या लांबून आलीस, माय. तुला कमी भरायला नगं."

पुतणी तिथंच भट्टीजवळच्या विटांवर बसली आणि हसायला लागली. दूधवालीला काही कळेना. "चुकलं का माझं?"

"चुकलं न्हाय. पर पोरीचं काम अडलं," अक्का म्हणाल्या. "तिला नेमकं पायजे."

"मंग तसं सांगायचं की. आमाला काय म्हाईत, तुमच्या शिक्षणात जास्तीचं चालत न्हाय."

मग आम्ही कोपऱ्यावर शिंप्याच्या दुकानात डोकावलो. त्यालाही तोच प्रश्न. तो म्हणाला, "ताई, आम्ही कापड नेमकं कापत नसतो. जादा सोडलेलं नंतर आत घेता येतं. कमी कापलेलं कुठून आणणार?"

म्हणजे खांदे शहाणे होते. त्यांना जागा ठाऊक होती. ती सांगून वर आणखी थोडं त्यांनी पदरचं घातलं होतं.

पुतणीनं पुन्हा सरांना फोन केला. या वेळी तिचा आवाज वेगळा होता. सरांनी परवानगी दिली, पण सूचना सगळ्यांना एकच आणि स्पष्ट असली पाहिजे अशी अट घातली. सूचनेत काय म्हणायचं यावर आम्ही रात्री जेवताना घोळ घातला. मी 'अचूक' म्हटलं, ती 'तंतोतंत' म्हणाली. अक्का भाकरी थापता थापता म्हणाल्या, "काय करायलाव तुमी दोघी. फळीवरचा डबा काढतो अन् परत ठिवतो का न्हाय? तवा कोण जास्तीचा ठिवतं? वर न्हेला तर वरच्या फळीला आपटंल, खाली राहिला तर पडंल. परत ठिवायचं म्हण त्यांला."

पुतणीनं तसंच लिहून काढलं: 'हात जिथं होता त्याच जागी परत ठेवा. फळीवरचा डबा परत ठेवता तसा. वर गेला तरी चूक, खाली राहिला तरी चूक.'

सोमवारचं वेळापत्रक मी केलं. सकाळी सहा ते नऊ दूध घालायला येणारे, येतील तसे. नऊ ते बारा बाजारपेठेतले. दुपारी शेतावरचे, आम्हीच दुचाकीवरून त्यांच्या बांधावर. शिंपी साडेबाराला, जेवायच्या सुट्टीत. एकोणतीस जणांना दुसऱ्यांदा त्रास द्यायचा म्हणजे मला धास्तीच होती. पण आदल्या संध्याकाळी दूधवालीनं बातमी वस्तीवस्तीवर पोचवली होती आणि माणसं गंमत म्हणून आली. "आज डबा ठिवायचाय म्हणं." एक जण स्टुलावर बसता बसता म्हणाला, "परवा जास्तीचं दिलं ते परत घेता येईल का?" आकडे आता कधी वर जात होते, कधी खाली, आणि चूक थोडकीच. प्रत्येक मापानंतर पुतणी ते माझ्याकडं बघून न बोलता लिहायची. तिच्या कपाळावरची आठी दहाव्या माणसापाशी गेली.

संध्याकाळी पाच वाजता एकोणतीस पुरे झाले. राहिल्या अक्का.

"अक्का, आता तुमचाच नंबर."

"दूध कढईत हाय."

"मी हलवते."

त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं. वीस वर्षांत त्यांनी मला उलथन्याला फक्त मिनिटभरासाठी हात लावू दिला होता. "बुडापासून हलव. कडेचं सोडू नकोस. अन् मोबाइल बघू नकोस."

त्या पदराला हात पुसत स्टुलावर बसल्या. मी कढईजवळून बघत होते. त्यांनी पट्टी बांधून घेतली. लेकीनं हात वर नेला, थांबली, खाली आणला. अक्कांनी हात उचलला, एका झेपेत, न चाचपडता, आणि म्हणाल्या, "झालं." तीनदा तसंच. माझे खांदे तोवर भरून आले होते आणि घामानं पाठ ओली झाली होती. त्या हे रोज चार तास करतात.

पुतणीनं यंत्रावरचे आकडे वाचले.

"काय निघालं?" अक्कांनी पट्टी काढायच्या आधीच विचारलं.

"काही नाही निघालं आई. एकदा तर फरकच नाही. बाकी दोन्ही वेळा अर्धा अंश."

"म्हंजी भट्टी चालू ठिवायला हरकत न्हाय."

"ते मी कधी म्हटलं होतं?"

"दिवाळीत म्हणलीस." त्या उठल्या आणि सरळ कढईकडं आल्या. बुडाशी उलथनं फिरवून त्यांनी वास घेतला. "लागलंय जरा," त्या म्हणाल्या. "पर चालंल."

मंगळवारी सकाळी आठला तीस मापं सरांकडं गेली. अकराला फोन आला. मापं चांगली आहेत, सही होईल, फक्त पहिली एकोणतीस का रद्द केली याचा खुलासा प्रबंधात दोन ओळींत लिहा. पुतणीनं तिथंच ओसरीवर बसून लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं: 'पहिल्या वेळी सर्व सहभागींची चूक वरच्या बाजूला असल्याचे आढळले. सूचना स्पष्ट करून मोजमाप पुन्हा घेण्यात आले.'

मला ते उत्तम वाटलं. कार्यालयीन भाषा, अघळपघळ काही नाही.

अक्का मात्र म्हणाल्या, "यात आमचं कुणीच न्हाय की."

"आई, नावं देता येत नाहीत. नियम आहे."

"नावं कोण मागतंय. पर चूक त्यांची होती असं वाटतं ना यात. त्यांनी चूक कुठं केली?"

पुतणीनं पहिली ओळ खोडली आणि नवी लिहिली: 'पहिल्या वेळी सहभागींना योग्य जागा कळली होती, परंतु आपले माप कमी पडू नये म्हणून त्यांनी हात थोडा वर नेला, असे त्यांच्याशी बोलल्यावर समजले.'

सरांनी ती ओळ तशीच ठेवली आणि सही केली. शहरात परतलेल्या पुतणीनं अक्कांना ती फोनवर पुन्हा वाचून दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता बरोबर हाय," आणि दारात दूध आलं होतं म्हणून त्यांनी फोन माझ्याकडं दिला.